फोकस पॅड घेताना आधी स्वतःचा हात बघा

फोकस पॅड म्हणजे बॉक्सिंग शिकवणारा विद्यार्थ्याचे पंच झेलायला हातात घालतो ती गादी. ती घ्यायला गेलेला माणूस दुकानात बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. एक पॅड हातात घालतो, दुसऱ्या हाताची मूठ त्यावर दोन-तीनदा आपटतो आणि आवाज दणदणीत आला की पैसे काढतो. पण आवाजाचा आणि हात सुरक्षित राहण्याचा फारसा संबंध नाही. आत वळलेल्या पॅडमध्ये ग्लोव्ह बसताना मधली हवा झटक्यात बाहेर पडते, तो आवाज तिचा. पातळ, बसक्या फोमचं पॅडही झकास वाजतं. मोबाइलवरच्या व्हिडिओला ते चालतं, पण तळव्याला काय लागतंय ते त्यातून कळत नाही.

पॅडवर पंच मारणारा दुसरा असला, तरी झिजतो तो धरणाऱ्याचा हात. संध्याकाळच्या बॅचला दहा जण आहेत आणि प्रत्येकाला तीन मिनिटांचे दोन राउंड द्यायचे आहेत, असं धरा. म्हणजे तासभर पॅड हातात. दर दोन सेकंदांना एक पंच धरला तरी एका राउंडमध्ये ९० आणि वीस राउंडमध्ये १८००. मारणारा पोरगा सहा मिनिटांत मोकळा होतो. ते १८०० धक्के तुमच्या मनगटातून, कोपरातून आणि खांद्यातून जातात, आणि उद्या पुन्हा तेवढेच. पॅडची निवड या हिशोबावरून करायची, रंगावरून किंवा नावावरून नाही.

समोर कोण आहे

नवशिक्यांचा पंच जागेवर पडत नाही. त्यांच्यासाठी पॅडचा चेहरा मोठा हवा, म्हणजे चुकलेला जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) तुमच्या बोटांच्या टोकांवर किंवा हाताच्या पुढच्या भागावर येणार नाही. छोटी मायक्रो पॅड्स दिसायला देखणी असतात आणि वेग व अचूकपणा वाढवायला उत्तम, पण ती तयार बॉक्सरसाठी. ज्याचा हुक (बाजूने वळून येणारा पंच) अजून हवेत भोवरा काढतो, त्याच्यासमोर ती धरणं म्हणजे स्वतःच्या बोटांशी वैर.

फिटनेससाठी येणारे लोक बेताच्या जोरात मारतात, पण त्यांचे राउंड भरपूर होतात. तिथे हलकं पॅड हवं. स्पर्धेची तयारी करणारा ७५-८० किलोचा बॉक्सर असेल तर वजनाची फिकीर बाजूला ठेवून जाड पॅड घ्या. सर्वसाधारण कामाला चार ते पाच सेंटीमीटर जाडी पुरते, जोरदार मारणाऱ्यासाठी सहा-सातपर्यंत जायला हरकत नाही. मायक्रो पॅड्स याहून बरीच पातळ असतात, त्यांच्यावर ताकदीचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, घेऊच नये.

किक मारणारे विद्यार्थी असतील तर प्रश्नच वेगळा. मुंबईत बऱ्याच जिममध्ये बॉक्सिंग आणि किकबॉक्सिंग एकाच बॅचमध्ये चालतं आणि त्याच फोकस पॅडवर राउंडहाउस किक, म्हणजे बाजूने फिरवून मारलेली लाथ, घेतली जाते. फोकस पॅडला आधार फक्त तळव्याचा असतो. नडगीचा जोर बाजूने आला की मनगट पिळवटतं. किकसाठी पूर्ण हाताला बांधायचे थाई पॅड लागतात, पोटातल्या पंचांसाठी बेली पॅड. फोकस पॅड कितीही महाग असलं तरी ही दोन कामं त्याची नाहीत.

हातात घालून काय बघायचं

निम्मी निवड इथे होते, म्हणून दुकानात सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिली तपासणी धक्का कुठे लागतो याची. पॅड घाला, पट्टा आवळा, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने बरोबर मधल्या गोलावर ठोका. धक्का तळव्याच्या मधोमध, किंबहुना थोडा मनगटाकडे जाणवला पाहिजे. तो बोटांच्या मुळाशी किंवा पेरांत जाणवला तर पॅडचा मध्य तुमच्या हातासाठी वर आहे. असं पॅड प्रत्येक पंचाला मनगट मागे ढकलतं. पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही, महिन्याभराने पाण्याची बादली उचलताना कळतं.

मग आतला गोळा. तळव्यात येणारा हा छोटा उंचवटा हाताला पकड देतो आणि पंच बसताना तळवा सपाट होऊ देत नाही. त्यावर बोटं सहज वळली पाहिजेत. गोळा फार मोठा असेल तर बोटं अर्धवट उघडी राहतात आणि पॅड निसटू नये म्हणून तुम्ही दातओठ खाऊन धरता. फार छोटा किंवा पिचका असला तरी तेच होतं. दोन्हीत हाताचे पुढचे स्नायू लवकर थकतात. पॅड घालून हात खाली सोडा आणि पकड पूर्ण ढिली करा. पॅड जागेवर राहिलं तर माप बरं आहे. घसरलं किंवा गोल फिरलं तर उरलेलं काम तुमच्या बोटांना करावं लागणार.

लहान हाताच्या प्रशिक्षकांनी, विशेषतः महिला प्रशिक्षकांनी, ही तपासणी मुळीच सोडू नये. बाजारात बरीचशी पॅड्स एकाच मापात येतात आणि ते माप मोठ्या पुरुषी हाताचं असतं. बोटांचा कप्पा रुंद पडला तर हातावर हँडरॅप (गुंडाळायची कापडी पट्टी) किंवा पातळ इनर ग्लोव्ह घालून पुन्हा बघा. त्याने थोडी भर पडते आणि घामही शोषला जातो. तरीही पॅड फिरत असेल तर ती जोडी सोडून द्या. वापरून चामडं सैल होतं, माप कमी होत नाही.

अंगठा पूर्णपणे आत, गादीच्या आड असला पाहिजे. काही पॅड्समध्ये अंगठ्याचा कप्पा इतका उथळ असतो की नखाचा भाग कडेला डोकावतो. तिरका हुक बरोबर तिथेच येतो. बोटांच्या मागच्या बाजूलाही थोडी गादी आहे ना ते चाचपा. दुहेरी कॉम्बिनेशन (लागोपाठचे पंच) घेताना दोन पॅड्स एकमेकांवर आपटतात, तेव्हा उघडी बोटं चेमटतात.

मनगटाचा पट्टा किमान चार बोटं रुंद हवा. नुसता चिकटवायचा वेलक्रो आणि कडीतून ओवून उलट खेचायचा वेलक्रो यांत दुसरा चांगला. तो जास्त आवळता येतो आणि तासाभराने सैल पडत नाही. कडी कशाची आहे आणि तिच्या मुळाशी शिलाई किती ओळींची आहे तेही बघा, कारण पट्टा तुटतो तो बहुधा तिथेच.

वळण आणि फोम

पूर्ण सपाट पॅडवर जरा तिरका पडलेला पंच घसरतो आणि घसरताना मनगटाला पीळ देतो. वळलेलं पॅड मूठ मध्यावर आणून थांबवतं. म्हणून रोजच्या कामाला मध्यम वळणाचं पॅड घ्यावं. अति खोल वळणाचं पॅड मात्र प्रशिक्षकाला फसवतं. चुकीच्या कोनातला क्रॉससुद्धा त्यात नीट बसल्यासारखा वाटतो, आवाजही येतो, आणि विद्यार्थ्याची चूक तुमच्या हाताला कळतच नाही. ती पुढे स्पर्धेत कळते. थायलंडमध्ये बनणारी बरीच पॅड्स जाड आणि चांगली भरदार असतात, पण त्या प्रमाणात जडही. मेक्सिकन आणि जपानी नावाजलेल्या कंपन्यांचं काम सुबक असतं, पण इथे येईपर्यंत किंमत कुठच्या कुठे जाते. आपल्याकडचा बराचसा माल मेरठ आणि जालंधरचा असतो. त्यात अगदी टाकाऊपासून उत्कृष्टपर्यंत सगळं मिळतं, म्हणून शिक्क्यापेक्षा हातातली जोडी तपासण्याला महत्त्व आहे.

फोम तपासायला अंगठा पुरे. मधल्या गोलावर अंगठ्याने जोर लावून पाच सेकंद दाबा. सुरुवातीला थोडं आत जाऊन मग घट्ट विरोध जाणवला तर आत दोन-तीन थर आहेत: वर मऊ, खाली कडक. अंगठा सरळ तळापर्यंत गेला आणि आतल्या बाजूने तळव्याला त्याचं टोक जाणवलं, तर नुसता एकाच जातीचा मऊ फोम भरलाय. तो दोन-तीन महिन्यांत बसेल. उलट, पॅड लाकडासारखं कडक असेल तर धक्का जिरत नाही, तसाच हाताला येतो आणि मारणाऱ्याच्या पेरांनाही लागतो. अंगठा काढल्यावर खळगा लगेच भरून यायला हवा.

शेवटी खऱ्या पंचाने बघा. जाताना बॅचमधला एखादा तयार बॉक्सर आणि त्याचे ग्लोव्ह्ज सोबत न्या. बॅचमध्ये वापरले जाणारे सगळ्यात पातळ ग्लोव्ह्ज न्यावेत. १६ औंसाच्या ग्लोव्हने मारलेला क्रॉस जवळजवळ कुठल्याही पॅडवर सुसह्य वाटतो. तोच माणूस १० औंस घालून आला की पॅडची खरी जाडी समजते. दुकानदार चार-पाच पंच मारू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची सोय आधी वाचा. आणि वजन लिहिलेलं असतं ते एका पॅडचं की जोडीचं, ते नीट बघा. जोडीचं वजन ५०० ग्रॅम असेल तर हलकं, एका पॅडचंच ५०० असेल तर ते जडच.

आणखी एक बारीक गोष्ट: मधला पांढरा गोल. नुसता छापलेला असेल तर काही आठवड्यांत रंग ग्लोव्ह्जला लागतो आणि गोल पुसट होतो. वेगळ्या रंगाचा तुकडा शिवलेला असेल तर मारा बसणाऱ्या जागेवरच शिवण येते आणि धागा तिथे आधी तुटतो. मधोमध शिवण नसलेलं, साधं एकरंगी पॅड बॉक्सरच्या नजरेला थोडं कमी सोयीचं, पण टिकायला सगळ्यात चांगलं.

चामडं की रेक्झिन

मुंबईत हा प्रश्न पावसाळ्याच्या हिशोबाने सोडवावा लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतकी ओल असते की रात्री घामेजलेलं पॅड सकाळी तसंच ओलं हातात येतं. स्वस्त रेक्झिनचा वरचा पापुद्रा दमटपणाने हळूहळू सुटतो. आधी चिकट लागतो, मग त्याचे कपचे निघून ग्लोव्ह्जना आणि विद्यार्थ्यांच्या अंगाला चिकटतात. वापर कमी असला तरी हे होतं, कपाटात ठेवून दिलेल्या जोडीचंसुद्धा. चामड्याला बुरशी येते, पण ती पुसता येते आणि चामडं शाबूत राहतं. चांगल्या प्रतीचं मायक्रोफायबर (कृत्रिम चामडं) या दोघांच्या मध्ये बसतं, आणि बुरशीच्या बाबतीत चामड्यापेक्षा बरं.

रोज तास-दीड तास पॅड धरणाऱ्याने चामडं किंवा चांगलं मायक्रोफायबर घ्यावं. आठवड्यातून दोन दिवस शिकवणाऱ्याला मध्यम प्रतीचं सिंथेटिक चालेल. विद्यार्थ्यांनी एकमेकांना पॅड धरायचं असेल तर त्यांच्यासाठी वेगळी, स्वस्त, मोठ्या चेहऱ्याची जोडी ठेवा आणि स्वतःची जोडी त्यांच्या हातात देऊ नका. प्रत्येकाचा हात निराळा असतो, गोळा आणि अस्तर त्या-त्या हाताप्रमाणे बसतं.

पैसे मर्यादित असतील तर एका भारी जोडीपेक्षा मध्यम किमतीच्या दोन चांगल्या जोड्या घेणं आमच्या मते शहाणपणाचं. आलटून-पालटून वापरल्या की प्रत्येक जोडीला सुकायला चोवीस तास मिळतात, आणि दाबलेला फोमही पुन्हा वर येतो. इथल्या हवेत पॅड फाटण्याआधी आतून कुजतं. अस्तरातून वास येऊ लागला की ते ओळखावं.

पहिले काही दिवस

नवं पॅड ताठ असतं. पहिल्या दोन-तीन सत्रांत फक्त जॅब आणि हलके क्रॉस घ्या, ताकदीचे हुक नंतर. घरी बसल्या बसल्या पॅडच्या दोन्ही कडा हाताने आत वळवत राहिलं तर बाक लवकर येतो. पाण्यात भिजवून किंवा पायाखाली तुडवून ते मऊ करायला जाऊ नये. भिजवल्याने थरांना जोडणारा गोंद सुटतो, मग आतला फोम सरकतो आणि मध्यावर पोकळी तयार होते.

घालताना घड्याळ, अंगठी, मनगटातला गंडा, कडं सगळं काढून ठेवा. विद्यार्थ्यांच्या ग्लोव्ह्जच्या वेलक्रोची टोकं नीट चिकटलेली आहेत का तेही बघा. मोकळं टोक पॅडचं चामडं खरवडतं आणि तुमच्या हातावर ओरखडे काढतं ते वेगळंच.

दुखतंय कुठे, त्यावरून चूक कुठे

सगळा दोष पॅडचा नसतो. पुष्कळदा पॅड योग्य असतं आणि धरणं चुकीचं असतं. दुखण्याची जागा नीट बघितली तर यांतलं कोणतं ते बऱ्यापैकी उमगतं.

मनगटाच्या वरच्या, म्हणजे मागच्या बाजूला दुखत असेल तर पॅडचा मध्य वर आहे, किंवा पंच येताना तळवा आकाशाकडे कलतोय. तळवा किंचित खाली आणि आत कललेला ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर कप्पा सैल आहे आणि प्रत्येक हुकला अंगठा बाहेर ओढला जातोय. कोपराच्या बाहेरच्या बाजूची कळ बहुतेक वेळा घट्ट पकडीची असते. पट्टा आवळा, गोळा हाताला बसतो का ते बघा, पंचांच्या मधल्या क्षणात बोटं ढिली करा. खांद्याच्या पुढच्या भागात दुखतंय म्हणजे एक तर पॅड जड आहे, नाहीतर तुम्ही हात लांब करून धरताय. कोपर वाकलेलं आणि बरगड्यांजवळ असलं की धक्का पायांपर्यंत वाटला जातो. हात सरळ असला की तो खांद्यावरच थांबतो.

पंचाला भेटायला पॅड पुढे यावं, पण पाच-सहा सेंटीमीटरच. अनेक जण आवाज काढण्यासाठी पॅडने पंचाला चापट मारतात. त्याने दोन वेग एकत्र येऊन धक्का वाढतो, आणि विद्यार्थ्याला अंतराचा अंदाजही चुकीचा लागतो: त्याचा हात पूर्ण सुटायच्या आतच पॅड येऊन आदळतं. याच्या उलट, पंच येताना पॅड मागे नेलं की मारणारा तोल जाऊन पुढे झुकतो. हुकसाठी पॅड आडवं आत वळवा आणि कोपर अंगाजवळ ठेवा. अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या पंचाला, तळवा जमिनीकडे, छातीच्या उंचीवर. पॅड थेट स्वतःच्या तोंडासमोर मात्र धरू नये. नवशिक्याचा पंच निसटला तर तो सरळ नाकावर येतो. कानाच्या रेषेत, चेहऱ्यापासून वीतभर बाजूला असू द्या.

करंगळीच्या बाजूला मनगट दुखत असेल, दरवाजाची मूठ फिरवताना कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर पॅड बदलून बघत बसू नका. हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि तोवर पॅड धरणं बंद ठेवा.

निगा

सत्र संपलं की पॅड बंद बॅगेत ठेवून लोकल पकडायची, ही सवय पॅडला सगळ्यात महाग पडते. बॅगेच्या बाहेरच्या बाजूला जाळीचा कप्पा असेल तर त्यात ठेवा, नाहीतर जाळीची वेगळी पिशवी घ्या. घरी पोचल्यावर पट्टे उघडून, हाताच्या कप्प्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. तासाभराने बोळे बदला. उन्हात वाळवू नका, चामडं तडकतं आणि गोंद सुटतो. शिवाजी पार्कच्या मातीत किंवा जुहूच्या वाळूत सकाळची बॅच घेत असाल तर आधी कप्पे उलटे करून झटका. अस्तरात अडकलेली वाळू हात आणि शिवण दोन्ही घासते.

आठवड्यातून एकदा अस्तर सर्जिकल स्पिरिटने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. चामड्यावर स्पिरिट लावू नका, ते कोरडं पडतं. बुरशी दिसली तर आधी खिडकीबाहेर कोरड्या ब्रशने झाडा, मग व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन फडक्याने पुसा आणि सावलीत सुकवा. वेलक्रोमध्ये अडकलेले केस आणि धागे जुन्या टूथब्रशने काढले की त्याची पकड बरीचशी परत येते.

पट्टा, कडी, कडेची शिवण ही कामं कोपऱ्यावरचा मोची करून देतो. जाड नायलॉनचा, मेण लावलेला धागा वापरायला सांगा आणि गाठ मारा बसणाऱ्या बाजूला येऊ देऊ नका. फोम बसला असेल, म्हणजे ग्लोव्हमधली पेरं तळव्याला मोजता येऊ लागली असतील, तर ते पॅड पंचांसाठी संपलं. ज्या हातावर क्रॉस जास्त घेता त्या हाताचं पॅड आधी बसतं, म्हणून दोन्ही वेगवेगळी दाबून बघा. चामडं धडधाकट असेल तर बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून खालची शिवण उसवून दहा मिलिमीटरचा ईव्हीए फोमचा तुकडा आत बसवून घेता येतो. दोन्ही पॅडना एकाच वेळी करा, नाहीतर डाव्या-उजव्याची जाडी वेगळी होऊन हाताचा अंदाज बिघडतो. सिंथेटिक पॅडवर हा खर्च करू नये. ती जोडी हेडमूव्हमेंटच्या सरावाला ठेवा, जिथे पॅड नुसतं डोक्यावरून फिरवायचं असतं आणि त्यावर कोणी मारत नाही.